डोंगर कुणाला उघडा, कुणाला बंद?



गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, की खरी बोलणी सुरू होतात, हे तुम्हाला माहीतच आहे. या पावसाळ्यात त्र्यंबक भागातल्या आमच्या एका बैठकीत असंच झालं. एक मावशी म्हणाल्या, "रविवारी डोंगरावरून कुर्डू आणि करटोली घेऊन उतरत होते. खाली एकानं अडवलं. म्हणाला, आत जायला बंदी आहे, पाटी इथंच ठेव. आणि माझ्या डोळ्यांदेखत गाड्यांवर गाड्या आत चालल्या होत्या. गाडीवाल्याला पावती आणि पाटीवालीला बंदी, हे कसं गं?"

कुठला डोंगर आणि कोण माणूस, ते सोडून देऊ. पण मावशींच्या प्रश्नाला आमच्यापैकी कुणालाच नीट उत्तर देता आलं नाही. कोणी म्हणालं, जंगल सरकारचं. कोणी म्हणालं, डोंगर देवाचा. कोणी म्हणालं, आजीपणजीपासून आपण इथं आहोत, म्हणजे आपलाच. मग ठरवलं, नुसतं चिडून उपयोग नाही, माहिती घ्यायची. कायद्यात काय लिहिलंय ते जाणकारांकडून समजून घेतलं, दुसऱ्या ठिकाणी लोकांनी काय केलं ते पाहिलं. जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगतो.

उदाहरणाला आपला अंजनेरीचा डोंगर घेऊ. नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना डाव्या हाताला दिसतो तो. समुद्रसपाटीपासून उंची साधारण 4200 फूट. वर पठारावर अंजनीमातेचं देऊळ आहे, तळं आहे. मारुतीरायाचा जन्म इथलाच, अशी आपली श्रद्धा. त्यामुळे हनुमान जयंतीला आणि श्रावणात माणसांची रीघ लागते.

पण या डोंगरावर देवळाशिवाय आणखीही काही आहे. पठारावरच्या पातळ मातीत पावसाळ्यात एक नाजूक झाड उगवतं. त्याचं फूल अगदी छोट्या कंदिलासारखं दिसतं, म्हणून त्याला कंदीलपुष्प म्हणतात. अभ्यासकांनी 2006 साली या जातीची पहिल्यांदा नोंद केली. ती अंजनेरीवर सापडली म्हणून तिच्या शास्त्रीय नावातच अंजनेरी आलं. आपल्या गावाचं नाव जगभरच्या वनस्पतींच्या पुस्तकांत गेलंय, आणि आपल्यातल्या कितीजणींना ते ठाऊक होतं? आम्हालाही नव्हतं. हे झाड जमिनीखालच्या कंदातून दरवर्षी वर येतं. फोटोसाठी कोणी पायवाट सोडून त्या मातीवरून दहावेळा चाललं, तर कंद दबतो आणि पुढच्या वर्षी तिथं काही उगवत नाही.

डोंगराच्या कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. ते एक गेलं, की त्या जोडीचं वर्ष वाया गेलं.

याच कारणांनी 2017 साली अंजनेरीचा सुमारे 1400 एकर भाग 'संवर्धन राखीव क्षेत्र' म्हणून जाहीर झाला. आपल्या जिल्ह्यात असं क्षेत्र याआधीही होतं. दिंडोरी रस्त्याकडचा बोरगड 2008 साली संवर्धन राखीव झाला, आणि तो महाराष्ट्रातला पहिला.

आता हे 'संवर्धन राखीव' काय असतं, ते समजून घेऊ, कारण इथंच सगळा घोळ होतो. आपण सगळ्याला अभयारण्यच म्हणतो. पण दोन्हींत फरक आहे. अभयारण्यात बाहेरच्या माणसाला शिरायला परवानगी लागते. वन्यजीव कायदा 1972 सालचा. त्यात 2002 साली दुरुस्ती होऊन संवर्धन राखीव हा नवा प्रकार आला. हे क्षेत्र सरकारी जमिनीवरच होतं, आणि ते जाहीर करण्याआधी स्थानिक लोकांशी विचारविनिमय करावा असं कायदाच म्हणतो. अभयारण्यात प्रवेशाला बंधन घालणारं जे कलम आहे, ते इथं लावलेलं नाही. मात्र तीन गोष्टींना इथंही साफ मनाई आहे. आग लावणं, कचरा टाकणं आणि प्राण्यांना त्रास देणं.

म्हणजे कायद्याच्या नजरेत पाटी घेऊन उतरणारी बाई आपोआप गुन्हेगार ठरत नाही. आणि चिप्सचं रिकामं पाकीट फेकणारा पाहुणा, पावती फाडली म्हणून निर्दोष ठरत नाही. एवढं कळल्यावर बैठकीतल्या बायांचे चेहरे जरा खुलले.

दुसरा कायदा आहे 2006 चा वनहक्क कायदा. पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगणाऱ्या आदिवासी कुटुंबांना आणि इतर पारंपरिक वननिवासींना गौण वनोपज गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचा हक्क तो मान्य करतो. गौण वनोपजात काय येतं? मध, डिंक, बांबू, औषधी वनस्पती, मुळं, कंद, आणि झुडपांच्या काटक्यासुद्धा. उभं झाड तोडून लाकूड नेणं त्यात येत नाही. आणि हा हक्क अभयारण्यातल्या वनजमिनीलाही लागू आहे. पण हा हक्क पदरात पडायचा तर गावाचा दावा दाखल झालेला हवा. वनहक्क समितीनं तो तयार करायचा, ग्रामसभेनं ठराव करायचा, मग तो उपविभागाच्या आणि जिल्ह्याच्या समितीकडे जातो. वनहक्क समितीत निदान एक तृतीयांश बाया असल्याच पाहिजेत. आम्ही बैठकीत विचारलं, आपल्या गावच्या समितीत कोणकोण बाया आहेत? सगळ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. एकीला तर ती स्वतः समितीत आहे हेच त्या दिवशी कळलं. सही कधीतरी घेतली होती म्हणे.

आता जरा आपल्या स्वतःकडेही पाहू. कारण हक्काचं बोलायचं आणि आपल्या चुकांवर पांघरूण घालायचं, हे काही खरं नाही.

याच बैठकीत एक वहिनी गप्प बसल्या होत्या. त्यांनी गटातून 15,000 रुपये कर्ज घेऊन डोंगराच्या वर टपरी टाकली होती. मॅगी, लिंबूपाणी, काकडी, पाण्याच्या बाटल्या. पावसाळ्यातल्या एका चांगल्या रविवारी त्यांना मिळायचं, तेवढं लावणीला चार दिवस वाकूनही मिळत नाही. घरात कमावणारं दुसरं कोणी नाही, दोन मुलं शाळेत. कर्जाचा हप्ता कधी चुकवला नाही. दुसरी एक बाई त्यांना एकदम म्हणाली, "आपण गाडीवाल्यांना नावं ठेवतो, पण त्या प्लेटा आणि बाटल्या तुझ्याच टपरीवरच्या ना?" वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या, "मग मी काय करू, तेही सांगा."

भांडण मिटलं नाहीच. शेवटी ठरलं, सोमवारी सगळ्यांनी वर जाऊन डोळ्यांनी बघायचं. आम्ही नऊजणी गेलो. सहा गोणी कचरा भरला. माकडांनी पिशव्या फाडून सगळीकडे उधळलेला. आम्ही तो निवडला, तेव्हा शहरातून आणलेला बराच होता, पण निम्म्याच्या आसपास खरंच टपऱ्यांवरचा होता. देवळाच्या मागे नारळाच्या शेंड्या, अगरबत्तीची पाकिटं, नवसाच्या साड्यांचे तुकडे. तोही आपलाच. आणि एका उतारावर काळं पडलेलं रान. उन्हाळ्यात गवत चांगलं फुटावं म्हणून आपल्याकडे डोंगर पेटवतात, तुम्हाला माहीत आहे. ती काडी शहरातल्या माणसानं लावलेली नसते.

तेव्हा आम्हाला कळलं, की डोंगरावर तीन प्रकारची माणसं चढतात. देवाला येणारी, हौसेनं येणारी, आणि पोटासाठी चढणारी. तिघांचाही भार डोंगरावर पडतो, पण तो सारखा नाही. पाटीभर भाजी खुडली तर पुढच्या पावसाला ती पुन्हा येते. प्लास्टिक पुन्हा मातीत जात नाही. आणि डोंगर बंद झाला तर त्याची झळही सारखी लागत नाही. हौसेनं येणारा दुसऱ्या डोंगरावर जाईल. भक्त खालून हात जोडेल. मावशींच्या घरी मात्र त्या दिवशी कोरड्यास नसेल.

म्हणून आमचं म्हणणं असं, की 'डोंगर उघडा की बंद' हा प्रश्नच अपुरा आहे. विचारायला हवं ते हे: कुणाला, किती, कधी आणि कुठपर्यंत? आणि हे ठरवताना आपण तिथं बसलेल्या असू की नाही?

असं ठरवता येतं का? येतं. साताऱ्याचं कास पठार तुम्ही ऐकलं असेल. पावसाळ्याच्या शेवटी तिथं फुलांचे गालिचे होतात. 2012 साली पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारशाच्या यादीत गेल्या, त्यांत कास आहे. मग गर्दी इतकी झाली की लोक फुलांत लोळून फोटो काढायला लागले. तेव्हा वनखातं आणि आसपासच्या गावांची समिती मिळून नियम ठरले. दिवसाला 3000 माणसांची मर्यादा, आधी ऑनलाईन नोंदणी, गाड्या लांब उभ्या करायच्या, प्रवेशाचं शुल्क. हंगामात देखरेख करायला, वाट दाखवायला त्याच गावांतली पोरं-पोरी.

पण कासची गोष्ट इथंच संपत नाही. तिथं पठाराला कुंपणही घातलं होतं. गाड्यांबरोबर गुरंही बाहेर राहिली. काही वर्षांनी गावकरी आणि अभ्यासकही म्हणू लागले, की चराई थांबल्यानं गवत उंच वाढलंय आणि बुटकी फुलं त्यात दबतायत. शेवटी ते कुंपण काढलं गेलं. बघा, माणसाला आणि गुराला एकाच मापानं बाहेर काढलं, तर कधी कधी फुलाचंच नुकसान होतं. पिढ्यान्‌पिढ्या गुरं चारणारी बाई त्या पठाराचा भाग असते. तिला न विचारता केलेलं राखण अर्धवटच राहतं.

आणि आपल्या जिल्ह्यातलंच दुसरं उदाहरण, निफाड तालुक्यातलं नांदूरमध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा झाला, गाळ साठला, पाणथळ झालं आणि हजारो पक्षी यायला लागले. 1986 साली ते अभयारण्य झालं. पुढे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जगानं मान्य केलेली महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याचा मान झाला. तिथं चापडगावच्या बाजूला गावातले तरुण दुर्बीण घेऊन पाहुण्यांना पक्षी दाखवतात. पाहुण्यानं मनोऱ्यावरून पाहायचं, पाण्यात उतरायचं नाही. पाहणंही होतं, राखणंही होतं, आणि गावातल्या पोराला चार पैसेही मिळतात.

आता आपल्या दारातली गोष्ट. अंजनेरीवर गाडीनं जायला रस्ता करायचा विषय काही वर्षांपूर्वी निघाला. नंतर ब्रह्मगिरी आणि अंजनेरी जोडणाऱ्या रोपवेचाही निघाला. निसर्गप्रेमींनी मोठा विरोध केला. 2027 चा सिंहस्थ आता डोक्यावर आहे. त्र्यंबकला लाखो भाविक येतील, त्यातले कितीतरी अंजनेरीकडेही वळतील. म्हणजे असे विषय पुन्हा पुन्हा निघणार. आमच्या गटांतही यावर एकमत नाही, हे सांगायला हवं. काही म्हणतात, रस्ता झाला तर आजारी म्हाताऱ्या माणसाला मारुतीचं दर्शन होईल, धंदा वाढेल. काही म्हणतात, गाडी थेट वर गेली तर खाली आपल्या दारात थांबणार कोण? धंदा वरच्या मोठ्या हॉटेलवाल्याचा होईल, आणि आपल्याकडे राहील तो कचरा. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण आमच्यातल्या बहुतेकींना पटलेली गोष्ट ही, की श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी आपण ब्रह्मगिरीची फेरी अनवाणी करतो, ती सोपी आहे म्हणून करत नाही. देवाच्या डोंगरावर पायी चढणं हीसुद्धा भक्तीच आहे. जे चढू शकत नाहीत त्यांच्यासाठी पायथ्याशी नीट सोय करता येते. कड्यावरच्या गिधाडाला मात्र दुसरा कडा आणून देता येत नाही.

मग आपण काय करायचं? आम्ही ठरवलेलं सांगतो, तुम्हाला पटेल तेवढं घ्या.

पहिलं म्हणजे सभा. मोठ्या ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आपल्या कायद्यात आहे. ती कागदावर होऊ देऊ नका. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, या तारखा गटाच्या वहीत लिहून ठेवा. त्या सभेत विचारा: सामूहिक वनहक्काचा दावा केला का? कुठं अडला? समितीत बाया कोण?

दुसरं, संवर्धन राखीव क्षेत्राला एक व्यवस्थापन समिती असते. कायद्यानं तिच्यात वनखात्याचा माणूस असतो, वन्यजीवांवर काम करणाऱ्या संस्थांचे तीन प्रतिनिधी असतात, कृषी आणि पशुसंवर्धन खात्याचे असतात, आणि ज्या ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत ते क्षेत्र येतं, त्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असतो. हा प्रतिनिधी पुरुषच असावा असं कुठंही लिहिलेलं नाही. आपल्या पंचायतीतर्फे तिथं कोण जातं, आणि जाऊन काय बोलतं, हे विचारायचा आपल्याला अधिकार आहे. पुढच्या वेळी एखाद्या बाईचं नाव सुचवा.

तिसरं, नियम आधी स्वतःला लावायचे. आमच्या गटानं ठराव केला, की वर टपरी नाही, जे विकायचं ते पायथ्याशी. वहिनींना दोन महिने हप्त्याची सवलत दिली. आता त्या आणि आणखी दोघी मिळून खाली नागलीची भाकरी, ठेचा आणि हंगामातली रानभाजी देतात, पळसाच्या पत्रावळीवर. खोटं कशाला सांगू, वरच्याइतकी कमाई अजून होत नाही. पहिल्या महिन्यात तर त्या आमच्याशी नीट बोलतही नव्हत्या. पण नुकसान एकटीच्या गळ्यात पडू द्यायचं नाही, एवढं गटानं पाळलं. डोंगर राखायचा तर त्याची किंमत सगळ्यांनी मिळून द्यायची, गरिबातल्या गरीब बाईनं एकटीनं नाही. हेच आम्ही सरकारलाही सांगतो आहोत. पाहुण्यांच्या पावतीचा पैसा जमा होतो, त्यातला काही भाग ज्यांची वाट अडते त्या गावांसाठी, सफाई करणाऱ्या बायांच्या मजुरीसाठी यावा. तसा ठराव ग्रामसभेत मांडायचं ठरलं आहे.

चौथं अगदी घरातलं आहे. गाय-बैल आजारी पडले की डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन देऊ नका. ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं, तर गिधाडाची किडनी निकामी होते. या औषधामुळे देशातली नव्वद टक्क्यांहून जास्त गिधाडं संपली. 2006 पासून जनावरांसाठी त्यावर बंदी आहे. 2023 साली किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवरही बंदी आली. डॉक्टरांना मेलॉक्सिकॅम द्यायला सांगा, ते गिधाडाला बाधत नाही. आपल्या हरसूलकडे खोरीपाड्याला गिधाडांसाठी मेलेली जनावरं ठेवायची जागा केलेली आहे, आणि गावकरी त्या कामात आहेत. आपल्या गोठ्यातून डोंगराचा कडा राखता येतो, तो असा.

आणि शेवटचं. वणवा दिसला तर पळत जाऊन सांगा. आपल्याच घरातलं कोणी काडी लावणार असेल, तर आधी त्याला अडवा. जळालेल्या डोंगरावरून पावसाचं पाणी माती घेऊन धावतं, आणि मार्च उजाडला की आपलाच झरा आटतो. मग हंडा घेऊन लांब आपल्यालाच जावं लागतं.

त्या मावशी परवा पुन्हा बैठकीला आल्या होत्या. म्हणाल्या, "आता मला कोणी अडवलं तर काय सांगू?" आम्ही म्हटलं, सांगा, मी या गावची आहे, माझ्या पाटीत भाजी आहे, मी झाड तोडलं नाही, काडी लावली नाही, कचरा टाकला नाही. आमचा वनहक्काचा दावा ग्रामसभेत आहे. त्यांनी ते दोनदा म्हणून घेतलं. मग जरा थांबून म्हणाल्या, "दावा खरंच केलाय ना गं?"

मैत्रिणींनो, तो अजून झालेला नाही. कागद गोळा होतायत. येत्या ग्रामसभेत तो मांडायचा आहे, आणि त्या दिवशी सभेला आमच्या सगळ्या गटांच्या बाया हजर राहणार आहेत. तुमच्या गावचा दावा झाला आहे का, हे या आठवड्याच्या बैठकीत नक्की विचारा.